सांध्याच्या शोधांत : वाईहून तापकीर गल्लीपर्यंत

प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढें काशी, रामेश्वर, निदान गेला बाजार माथेरान तरी उभें राहतें. आमचा प्रवास मात्र वाईहून पुण्याच्या तापकीर गल्लीपर्यंतचा. आणि त्याचें प्रयोजन सांगावयाचें तर अंगठ्याच्या पेराएवढा एक पिवळा तुकडा विकत आणणें, इतकेंच. असल्या प्रवासाची हकीकत लिहून वाचकांचा वेळ घेण्याचें धार्ष्ट्य आम्हीं एरवीं केलें नसतें. परंतु त्या दुपारीं त्या गल्लींत जो धडा आम्हांस मिळाला, तो छत्तीस वर्षें मुलांस धडे देऊनहि आम्हांस ठाऊक नव्हता. शिवाय ज्या घरांत नातवंडें आहेत आणि नातवंडांच्या हातीं विजेचीं खेळणीं आहेत, त्या घरांतील वडील माणसांस तो उपयोगी पडेल असें वाटतें. म्हणून हा खटाटोप.

आमचा नातू पुण्यास असतो. वय पंधरा. गेल्या दिवाळीच्या सुटींत तो आमच्याकडे वाईस आला तो कांखेंत एक विमान घेऊनच. विमान पांढऱ्या फोमच्या तक्त्यांचें, स्वतःच्या हातानें कापून चिकटविलेलें. नाकावर पंखा, पंख्यामागें मोटार, पोटांत बॅटरी. आणि हातांतल्या पेटींतून बिनतारी हुकूम सुटेल तसें तें वर-खालीं, डावें-उजवें वळे. सकाळच्या प्रहरीं गांवाबाहेरच्या मोकळ्या रानावर तें घारीसारखें गिरक्या घेऊं लागलें म्हणजे आम्ही आपलें वय विसरून मान वर करून उभे राहत असूं. घरून दूरध्वनीवर "चहा निवतो आहे" असे निरोप येत. पण ऐकतो कोण!

या बॅटरीची एक अडचण होती. नव्या बॅटरीच्या तारांना एका जातीचा कनेक्टर होता आणि विमानाच्या तारांना दुसऱ्या जातीचा, दोघांचें जमेना. तेव्हां एक कापून दुसरा लावणें प्राप्त झालें, आणि तो डाख देऊन, म्हणजे हल्लींच्या भाषेंत सोल्डर करून, लावावा लागतो. "पुण्याला गेल्यावर लावून घेईन," असें नातू म्हणाला. पण आमचा मास्तरी स्वभाव जागा झाला. शाळेच्या प्रयोगशाळेंतल्या तुटक्या तारा आम्हींच झाळत असूं. घरच्या ट्रान्झिस्टरला दोनदां आमच्याच हातून वाचा फुटली होती. माळ्यावरचें २५ वॅटचें जुनें सोल्डरिंग आयर्न खालीं काढलें आणि तासाभराच्या खटपटीनंतर कनेक्टरच्या दोन्ही वाट्यांवर निंबोळीएवढे दोन गोळे उभे केले. "बघ," आम्ही म्हणालों, "हत्ती लावून ओढलास तरी तुटायचा नाहीं."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं विमान उडालें. चार-पांच मिनिटें सर्व यथास्थित चाललें. मग एकाएकीं पंख्याचा आवाज बंद पडला. मोटार थांबली तरी विमान तरंगत तरंगत उतरवितां येतें, हें आम्हीं पूर्वीं पाहिलें होतें. परंतु या खेपेस नातू पेटीच्या दांड्या जिवाच्या आकांतानें हालवीत आहे आणि विमान ऐकत नाहीं, असें झालें. कारण उघड होतें. पंखा काय आणि पंखांच्या झडपा काय, दोहोंचा जीव एकाच बॅटरींत. जोड सुटला तेव्हां दोन्ही गेलीं. विमान तिरपें होऊन शेजारच्या हळदीच्या रानाकडे वळलें आणि बांधावर आपटलें. त्या बांधावर, चार काठ्यांवर बांधलेल्या लुगड्याच्या सावलींत, दीड-दोन वर्षांचें एक मूल खेळत बसलें होतें. त्याची आई पलीकडे खुरपीत होती. विमान मुलापासून तीन हातांवर पडलें.

ती बाई धांवत आली. तिनें मूल उचललें, त्याच्या अंगावरून हात फिरविला, आमच्याकडे एकवार पाहिलें, आणि एक अक्षरहि न बोलतां ती निघून गेली. तिनें चार शिव्या दिल्या असत्या तर बरें झालें असतें.

विमान उचलून पाहिलें. तांबडी तार आमच्या गोळ्यांतून अलगद बाहेर आली होती. जशी आंत घातली होती तशीच. गोळा आपल्या जागीं अभंग होता, पण त्याचा रंग राखी आणि पाठ खरबरीत. नातू कांहीं बोलला नाहीं. घरीं आल्यावर "काय झालें?" असा प्रश्न आला, तेव्हां आम्हीच घाईनें म्हणालों, "हल्लींचा बाजारचा माल! दुसरें काय?" नातवानें आमच्याकडे पाहिलें आणि मान खालीं घातली. रात्रीं निजतांना तो एवढेंच म्हणाला, "आजोबा, सोल्डर न करतां लावायचे पण जोड असतात. आपण पुण्याला जाऊन बघूं या का?" त्या शब्दांत आमची अब्रू सांभाळण्याचा जो प्रयत्न होता, तो आम्हांस त्या बाईच्या न बोलण्याइतकाच लागला.

भाऊबीज आटोपल्यावर आम्ही दोघे एस्. टी.नें निघालों. "पुण्याला जातांच आहां, तर एवढ्याला कल्हई करून आणा, इकडे कल्हईवाला फिरकत नाहीं," असें म्हणून घरांतून एक पितळी पातेलें पिशवींत घालून देण्यांत आलें. एका पिशवींत पातेलें व दुसरींत मोडकें विमान, अशी आमची स्वारी. सुरूरला हमरस्ता लागला, खंबाटकी ओलांडली, शिरवळपुढें नीरा लागून सातारा जिल्हा संपला. आणि नातवास जें विचारावयाचें तें न विचारतां, व त्यास जें सांगावयाचें तें न सांगतां, आम्ही स्वारगेटला उतरलों.

स्वारगेटाहून पेठांत शिरणें म्हणजे पूर्वीं मोठें दिव्य असे. २०२४ च्या सप्टेंबरांत स्वारगेटापर्यंत भुयारी मेट्रो सुरू झाल्यापासून मात्र पहिलेंच स्थानक मंडई. सरकत्या जिन्यानें वर येतों तों समोर १८८६ सालीं बांधलेली मंडईची अष्टकोनी इमारत. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नांवानें तिला पूर्वीं रे मार्केट म्हणत. आतां ती महात्मा फुले मंडई. तेथून दगडूशेठ गणपतीस हात जोडून आम्ही बुधवार पेठेंत शिरलों.

पुण्याच्या पेठांचा एक विशेष असा कीं, एकेक धंदा एकेक गल्ली धरून बसला आहे. अप्पा बळवंत चौकांत पुस्तकें, लक्ष्मी रस्त्यावर सोनें आणि कापड, कसब्यांत तांबट, आणि तापकीर गल्लींत व तिच्या आसपास विजेचा माल. जवळच पासोड्या विठोबाचें देऊळ आहे. त्याच्यापाशीं पासोड्यांचा बाजार भरे म्हणून देवासच तें नांव पडलें, असें सांगतात. आतां देवाच्या शेजारीं तारा, दिवे, पंखे आणि रेडिओ-संगणकांचे सुटे भाग विकले जातात. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंस तारांचीं वेटोळीं टांगलेलीं, तांबडीं, काळीं, पिवळीं, हिरवीं, हातगाडी आली कीं माणसांनीं पायऱ्यांवर चढावें, हातगाडी गेली कीं पुन्हां उतरावें. परंतु मागाल ती वस्तु मिळते. एक रुपयाचा रोधक मागणारा कॉलेजचा मुलगा आणि हजारोंचा माल नेणारा कंत्राटदार एकाच फळीशीं उभे असतात, आणि दुकानदार दोघांसहि "बोला" एवढेंच म्हणतो.

नातवाच्या ओळखीचें दुकान म्हणजे आठ हात लांब व चार हात रुंद अशी एक बोळवजा खोली. पुढें मालक, मागें एका टेबलाशीं त्यांची मुलगी. मुलीनें तंत्रनिकेतनाची पदविका घेतलेली. दुरुस्तीचें व डाखाचें सर्व काम तिच्याकडे. नातवानें मोडका जोड फळीवर ठेवला. मालकांनीं तो मागें दिला. मुलीनें भिंगाखालीं धरला आणि विचारलें, "हा कुणी लावलाय?"

नातू घाईनें म्हणाला, "तो असाच—"

छत्तीस वर्षें आम्हीं मुलांस सांगितलें कीं चूक झाली तर उभें राहून सांगावी. आतां उभे तर आम्ही होतोंच. "आमच्या हातचा आहे तो," आम्ही म्हणालों. "आणि विमान पडलें तें त्यामुळेंच. माल चांगला होता. हात वाईट होता."

नातवानें आमच्याकडे पाहिलें. वाईपासून स्वारगेटापर्यंत जें ओझें दोघांच्या मध्यें बसून आलें होतें, तें त्या बोळांत उतरलें. मुलगी मात्र हंसली नाहीं. स्टूल पुढें सरकवून म्हणाली, "बसा काका. हात वाईट नव्हता. आयर्न लहान होतं, आणि थोडी माहिती कमी होती."

मग तिनें जें सांगितलें तें आम्ही आमच्या शब्दांत सांगतों.

आमची पहिली भूल बॅटरीस किरकोळ समजण्याची. तिच्यांत तीन सेल एकापुढें एक. प्रत्येकाचा दाब नाममात्र ३.७ व्होल्ट, म्हणून तिघांचा ११.१, आणि पूर्ण भरल्यावर १२.६. घरच्या २३० व्होल्टांपुढें हें कांहींच नव्हे असें आम्हांस वाटे. परंतु विजेचा जसा दाब तसा तिचा प्रवाहहि असतो. छताचा ७५ वॅटचा पंखा घरांत सुमारें एक तृतीयांश अँपिअर घेतो. आमच्या बॅटरीवर २२०० मिलिअँपिअर-तास आणि २५ सी असें लिहिलें होतें, म्हणजे २.२ ला २५ नीं गुणून ५५ अँपिअरपर्यंत प्रवाह देण्याची तिची तयारी. विमान वर चढतांना वीस अँपिअर सहज ओढतें. म्हणजे साठ पंख्यांचा प्रवाह त्या बोटाएवढ्या जोडांतून! आतां सांध्यांत एक शतांश ओहम जरी अडथळा राहिला, तरी वीसांचा वर्ग चारशें, त्याचा शंभरावा भाग चार. म्हणजे चार वॅट उष्णता त्या सांध्यांतच कोंडते. कच्चा सांधा तापतो, तापला कीं सैल होतो, सैल झाला कीं अडथळा वाढतो आणि तो अधिक तापतो. शेवट काय होतो तो आम्हीं बांधावर पाहिला होता.

दुसरी भूल सांध्याची. तार जाड, सिलिकोनच्या मऊ वेष्टणाआंत केसासारखे शेंकडों तांब्याचे तंतु. कनेक्टरची वाटीहि पितळेची आणि भरींव. या दोघांस तापविण्याची शक्ति २५ वॅटच्या आयर्नांत नसते. त्याची उष्णता तार आपल्या अंगानें दूर वाहून नेते. टोंकाशीं असलेलें कथील तेवढें वितळून वर गोळा होऊन बसतें, आणि खालीं वाटी व तार थंडच राहतात. यास थंड सांधा म्हणतात. दिसावयास लठ्ठ, पण आंत कशाचाहि कशाशीं संबंध नाहीं. शिवाय गोळा लौकर निवावा म्हणून आम्हीं त्यावर फुंकरहि घातली होती! निवत असतां तार हालली कीं डाखाचा कण फुटून तो राखी व खरबरीत होतो.

"मग खरं कसं करायचं?" नातवानें विचारलें.

मुलीनें आधीं आमच्यासमोर कनेक्टरांचें एक तबकच मांडलें. पिवळा, नायलॉनच्या अंगाचा तो एक्सटी-६०. त्याच्या आंत सोन्याचा मुलामा दिलेल्या साडेतीन मिलिमीटरच्या खुंट्या. त्याचा धाकटा भाऊ एक्सटी-३० आणि थोरला एक्सटी-९०. निळा तो ईसी-३. त्याच्या खुंट्या आधीं बाहेर झाळून मग घरांत ढकलावयाच्या. तांबडा, ज्याच्या दोन पट्ट्या इंग्रजी टी अक्षरासारख्या आडव्या-उभ्या असतात, तो डीन्स. या सर्वांची रचना अशी कीं उलटे बसूंच नयेत. कारण उलटे बसले तर पुढचें यंत्र जळालेंच म्हणून समजावें. बॅटरीच्या बाजूस नेहमीं खोबणीचा भाग असतो, खुंट्यांचा नव्हे. कारण बॅटरी सदा जागी असते, आणि उघड्या खुंट्यांस कोठें किल्ली वा साखळी लागली तर तेथेंच आग.

आम्ही आयुष्यभर संस्कृत शिकविलें. त्यामुळें तें तबक पाहतांना आमच्या मनांत व्याकरण आलें तर वाचकांनीं क्षमा करावी. कनेक्टराचे दोन भाग एकमेकांत बसतात तो समास: रोज करावा आणि रोज त्याचा विग्रह करावा. परंतु तार आणि वाटी यांच्यामध्यें हवा तो संधि: तेथें दोन्ही वर्ण एकमेकांत विरले पाहिजेत. आम्हीं केलें तें काय, तर दोन शब्द नुसते शेजारीं लिहून त्यांवर शाईचा मोठा डाग पाडला आणि त्यास संधि म्हटलें.

असो. मुलीनें ६० वॅटचें आयर्न तापत ठेवलें. त्याची उष्णता ३५० अंशांच्या वर. प्रथम तिनें त्या पिवळ्या कनेक्टरांत त्याचा जोडीदार बसविला; झाळतांना नायलॉन मऊ पडून खुंट्या वांकड्या होऊं नयेत म्हणून. मग बॅटरी पुढें ओढली. दोन्ही तारांचीं टोंकें सारखीं करावीं म्हणून आम्हीं मदतीच्या भावनेनें कात्री उचलली आणि दोन्ही तारा एकदम तिच्या पात्यांत धरल्या. "काका!" ती एवढ्यानें ओरडली कीं रस्त्यावरचीं माणसें थांबलीं. दोन्ही तारा एकदम कापल्या असत्या तर कात्रीचें पातेंच तांबड्या-काळ्यास जोडणारी तार झालें असतें, आणि ५५ अँपिअरांहून अधिक प्रवाह आमच्या हातांत भडकला असता. एका वेळीं एकच तार कापावी, एकच सोलावी, एकच झाळावी, आणि तिच्यावर नळी चढवून ती झांकल्याशिवाय दुसरीस हात लावूं नये, हा या विद्येंतला पहिला नियम.

नंतर तिनें वेष्टणाचा लहानसा तुकडा सोलला, तंतूंस पीळ दिला, आणि आकसणारी रबरी नळी तारेवर आधींच ओंवून ठेवली. मागाहून ती ओंवितां येत नाहीं. तारेच्या टोंकास थोडी राळ लावली. "आतां आधीं तारेला कल्हई करायची," ती म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून ऐकून आम्ही चमकलों. तिनें आयर्न तारेखालीं धरलें आणि डाखाची तार वरून, तांब्यास, टेंकविली; आयर्नास नव्हे. क्षणभर कांहीं झालें नाहीं. मग तांबें पुरेसें तापतांच डाख पाण्यासारखा तंतूंच्या आंत शिरला. वाटीसहि तिनें तशीच कल्हई केली. मग तार वाटींत धरून आयर्न टेंकवलें. दोन्हीकडचे डाख एक होऊन चकाकले. आयर्न काढलें आणि दहा अंक मोजेपर्यंत हात हालूं दिला नाहीं. फुंकर नाहीं. डाख थोडका, तंतूंचा आकार वरून दिसावा इतकाच. मग तिनें तार ओढून पाहिली आणि आमच्या हातीं दिली. "आतां लावा तुमचा हत्ती," नातू म्हणाला.

या डाखाची एक गंमत तिनें सांगितली. कथील २३२ अंशांवर वितळतें, शिसें ३२७ वर. परंतु ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसें एकत्र केलें कीं तें मिश्रण १८३ अंशांवरच वितळतें, दोघांहूनहि लौकर. शिसें पोटांत जाऊं नये म्हणून काम झाल्यावर हात धुवावे, खिडकी उघडी ठेवावी, आणि लहान मुलांस जवळ घेऊं नये.

"पण आम्ही बिनडाखाचे जोड पाहायला आलों होतों," आम्हीं आठवण दिली. तेव्हां मालकांनीं दुसरें तबक काढलें.

पहिला मार्ग दाबाचा. धातूची लहान नळी असते. तींत उघडे तंतु घालून विशिष्ट चिमट्यानें ती इतकी दाबावयाची कीं नळी व तंतु यांच्यामध्यें हवेलाहि शिरकाव राहूं नये. यास क्रिम्पिंग म्हणतात. आम्ही यास कमी प्रतीचें समजत होतों. परंतु खऱ्या विमानांत, जेथें माणसें बसतात तेथें, बहुतेक तारांचीं टोंकें अशींच दाबून बसवितात. कारण डाख तंतूंत वर चढून तार तेथें कडक होते आणि सततच्या थरथरीनें त्या कडेशीं मोडूं शकते. अट एवढीच कीं चिमटा त्याच मापाचा हवा. पक्कडीनें वा हातोडीनें चेपलेली नळी म्हणजे पुन्हां आमचाच गोळा, फक्त बिनडाखाचा. आणि दाबावयाच्या किंवा स्क्रूखालीं धरावयाच्या तारेस आधीं डाख लावूं नये. दाबाखालीं डाख हळूहळू सरकतो आणि पकड सैल होते.

अमेरिकेंतला अँडर्सन पॉवरपोल हा असाच दाबून बसवावयाचा जोड. त्यांत खुंटी-खोबण असा भेदच नाहीं. दोन्ही तोंडें सारखीं, कोणतेंहि कोणत्याहि जोडीदारांत बसतें. टेबलावरच्या चार्जरास फार सोयीचा. विमानांत जरा बोजड. जुन्या खेळण्यांच्या मोटारींत जपानच्या तामिया कंपनीच्या नांवानें ओळखला जाणारा पांढरा जोड असतो. तोहि दाबाचाच, पण मोठ्या प्रवाहास अपुरा. दोन जातींच्या मध्यें घालावयाचा तयार दुवा मिळतो. मात्र तो घातला कीं एक सांधा वाढला, हें लक्षांत ठेवावें. तारेसह कारखान्यांत जोडून आलेले कनेक्टरहि मिळतात. पण त्यांची तार आपल्या तारेस पुन्हां कोठें तरी जोडावीच लागते.

"आणि सगळ्यांत चांगला बिनडाखाचा उपाय म्हणाल," मालक म्हणाले, "तर बॅटरी घेतांनाच विमानाला जो जोड आहे त्याच जोडाची घ्यायची. मुलांना सांगतों, सगळं एकाच जातीचं ठेवा. पण ऐकतं कोण!" हें वाक्य आम्हांस ओळखीचें वाटलें.

दुसरी तार उरली होती. मुलीनें आयर्न आमच्यापुढें केलें. आम्हीं तें हातांत घेतलें आणि मग आमच्या हाताकडे पाहिलें. गेलीं दोन वर्षें त्यास थोडा कंप आहे. खडू धरतांना तो दिसत नसे, पण दहा अंक मोजेपर्यंत स्थिर राहण्याची ग्वाही आम्ही देऊं शकत नव्हतों. वाईस त्या रात्रीं आम्हांस हें ठाऊक होतें. आम्हीं तें मनावर घेतलें नव्हतें एवढेंच. आम्हीं आयर्न नातवाच्या हातीं दिलें. त्यानें तार कापली, सोलली, नळी ओंवली, राळ लावली, कल्हई केली आणि झाळली. पहिल्या खेपेस मुलीनें मान हालविली. त्यानें डाख काढून पुन्हां केलें. दुसऱ्या खेपेस ती कांहीं बोलली नाहीं, आणि तार ओढण्याचें काम तेवढें आमच्याकडे आलें. तें आम्हीं मनापासून केलें.

पातेलें अजून पिशवींतच होतें. फडके हौदावरून आम्ही कसबा पेठेंत गेलों. तांबट आळींत शिरण्यापूर्वींच ती ऐकूं येते. तांब्यावर हातोडीचा तो ठोका पेशवाईपासून पुण्याच्या कानांत आहे. एका कल्हईवाल्यानें पातेलें घासून लख्ख केलें, भट्टीवर धरलें, आणि तें पुरेसें तापल्यावर चिमूटभर नवसागर आंत टाकला. पांढरा धूर उठला. मग कथलाची कांडी त्यानें भांड्यास टेंकविली, आणि कथील वितळून फडक्यासरशीं रुप्यासारखें पसरलें. लहानपणीं हें आम्हीं शंभरदां पाहिलें होतें, पण आज प्रथमच समजलें. आम्हीं त्यास विचारलें, "कांडी भट्टींत कां वितळवीत नाहीं?"

तो म्हणाला, "गुरुजी, कथील भांड्याच्या ऊबेनं वितळलं पायजे. भांडं थंड अन् कथील गरम, तर धरणार कशाला?"

नातवानें आमच्याकडे पाहिलें. साफ करणें, राळ किंवा नवसागर लावणें, आणि ज्यास जोडावयाचें त्यासच तापविणें. गल्ली बदलली तरी विद्या तीच होती. तीन पदार्थ आणि थोडा धीर एवढें तिला लागतें. मोठा गोळा लागत नाहीं.

घरीं परतल्यावर पातेलें स्वयंपाकघरांत दिलें आणि त्याबरोबरच सांगून टाकलें कीं बाजारच्या मालास आम्हीं उगाच दोष दिला होता. "तें त्याच दिवशीं कळलें होतें," असें उत्तर मिळालें.

नाताळच्या सुटींत नातू पुन्हां आला. विमान बाहेर काढण्यापूर्वीं आम्ही दोघे हळदीच्या रानांत गेलों. ती बाई होती. मूल आतां चालूं लागलें होतें. त्या दिवशीं चूक आमची होती, आणि यापुढें विमान नदीच्या अंगास, रिकाम्या रानावरच उडेल, असें आम्हीं तिला सांगितलें. तिनें खुरपें खालीं ठेवलें, नातवाच्या हातांतलें विमान निरखून पाहिलें आणि विचारलें, "मास्तर, आतां नीट जोडलंय न्हवं?"

"ह्यानं जोडलंय," आम्हीं नातवाकडे बोट दाखवून म्हटलें. "आम्हीं ओढून पाहिलंय."

"मग असूं द्या," ती म्हणाली, आणि पुन्हां कामास लागली.

वाचकांच्या घरीं असा कांहीं प्रसंग आला तर आमचें सांगणें एवढेंच. हात स्थिर, आयर्न पुरेशा शक्तीचें आणि शिकविणारें कोणी जवळ असेल तर डाख अवश्य द्यावा. त्यासारखा संधि नाहीं. तसें नसेल तर तयार जोडाची बॅटरी घ्यावी, किंवा योग्य चिमट्यानें दाबून घ्यावें, किंवा चार रुपये देऊन जाणत्याकडून करून घ्यावें. यांत कमीपणा कांहीं नाहीं. मात्र सांधा कोणीहि केला असो, विमान उडविण्यापूर्वीं तो एकदां ओढून पाहावा. आणि सुटला तर दोष मालावर न ढकलतां कोणाचा हात होता तें सांगावें.